पिनवाली बॅटरी, 9900 चा सेल आणि घरातला उजेड

12 ऑक्टोबर 2020 च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा 400 केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली. लोकल होत्या तिथे थांबल्या, सिग्नल विझले, घरून काम करणाऱ्यांचं काम खोळंबलं. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन होतं. पण घोडबंदर रोडवर माझी भाची राहते त्या टॉवरच्या जिन्याला एकही खिडकी नाही. लिफ्ट बंद, जनरेटर सुरू व्हायला तयार नाही, आणि विसाव्या मजल्यावरून उतरणाऱ्या माणसांना भर सकाळी पायरी दिसत नव्हती. सगळ्यांनी मोबाईल पेटवले. दुपारनंतर तेच मोबाईल एकेक करून मान टाकू लागले, कारण उजेडही त्यांचाच, बातम्याही त्यांच्यावर आणि नातेवाइकांची ख्यालीखुशालीही त्यांच्यावरूनच.

“मामा, चांगला टॉर्च कुठला घेऊ?” असं तिने मला त्यानंतर विचारलं. मला विचारलं, कारण एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बंद पडलेला टॉर्च कचऱ्यात जाण्याआधी एकदा माझ्या दारात येतो. कोणी चहाच्या निमित्ताने घेऊन येतं, कोणी “काका, जरा बघता का” असा निरोप देऊन वॉचमनच्या हाती पाठवतं. हे टॉर्च उघडता उघडता एक गोष्ट पक्की कळली. एलईडी सहसा मरत नाही. मरतो तो सेल, गंजते ती स्प्रिंग, अडतं ते बटण. आणि दुकानात गेल्यावर माणसं विचारतात ते मात्र एवढंच, की उजेड किती लांब पडतो.

मोबाईलचा विषय आधी संपवतो. त्याचा दिवा मुळात कॅमेऱ्याचा फ्लॅश आहे. त्याला झोत नसतो, उजेड चार-पाच पावलांपुढे विरतो. कुलपात किल्ली घालायला, पलंगाखाली गेलेली गोळी शोधायला तो चांगला. पण भर पावसात ओल्या काचेवर बोट चालत नाही, एका हातात छत्री असते, दुसऱ्यात भाजीची पिशवी, आणि फोन हातातून निसटून गटारात गेला तर पंधरा-वीस हजार गेले. शिवाय वीज बराच वेळ गेली की फोनची बॅटरी फोनसाठीच राखायची असते. यावर आणखी वाद नको.

ज्या वस्तूसाठी हे लिहायला बसलो ती वेगळीच. भारनियमनाच्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीत घराघरांत प्लास्टिकची एक बॅटरी आली. मागची पट्टी सरकवली की दोन पिना बाहेर येतात आणि ती थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचता येते. पुढे सात-आठ पांढरे एलईडी, बाजूला कधी ट्यूबसारखी उजेडाची पट्टी. स्टेशनबाहेरच्या पदपथावर, जत्रेत, फेरीवाल्याकडे ती आजही मिळते. स्वस्त, सेल विकत घ्यायला नकोत, वायर सांभाळायला नको. तिच्यावर लोकांचा जीव आहे, आणि माझ्याकडे उघडण्यासाठी येणाऱ्या टॉर्चांत सगळ्यात जास्त संख्या तिचीच.

26 जुलै 2019 च्या रात्री उल्हास आणि वालधुनी नद्या फुगल्या. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली ती त्याच पावसात. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. कल्याणला वालधुनीच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांच्या घरात शिरलेलं पाणी अर्थात कोणी दाखवलं नाही. पाणी उंबऱ्याला लागताच त्यांनी मेन स्विच पाडला, हे शहाणपणाचं केलं. मग कपाटावरची पिनवाली बॅटरी काढली. ती लागली, मिणमिणली आणि घराच्या कागदपत्रांची पिशवी सापडायच्या आत विझली. “अहो, फुल्ल चार्ज करून ठेवली होती,” मेहुणे नंतर मला सांगत होते. केली होती, आदल्या दिवाळीत.

त्या बॅटरीत बहुतेक वेळा चार व्होल्टचा शिसे-आम्लाचा सेल असतो. मोटारीच्या बॅटरीचंच छोटं, सीलबंद भावंड. हा सेल नुसता ठेवला तरी दर महिन्याला थोडा थोडा उतरत जातो, उन्हाळ्यात जास्तच. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक धरतात आणि मग कितीही चार्ज केला तरी त्याची ताकद परत येत नाही. चार्जिंगचा लाल दिवा मात्र लागतो, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. गंमत अशी, की आपण ती घेतो अडीअडचणीला म्हणून आणि ठेवून देतो वरच्या फळीवर. नेमकं हेच या सेलला चालत नाही. रोज वापरून रोज चार्ज करणाऱ्या भाजीवाल्याकडे ती दोन वर्षं टिकते, आपल्याकडे एक पावसाळा.

पण उजेड गेला हे त्यातलं लहान नुकसान. आमच्या मजल्यावरच्या मावशींना हिचाच झटका बसला. बॅटरी कधीतरी हातातून पडली होती, पुढची काच निघाली होती, ती त्यांनी चिकटपट्टीने बसवली होती. सॉकेटमध्ये लावलेली असताना चार्ज होतेय का ते बघायला त्यांनी पुढचा भाग चाचपला. हात झटकला गेला, बॅटरी खाली पडली, बाकी काही झालं नाही, हे नशीब. मी ती उघडली तेव्हा आत ट्रान्सफॉर्मर नव्हता. या स्वस्त बॅटऱ्यांत तो नसतोच. 230 व्होल्टचा प्रवाह एका कपॅसिटरमधून आणि चार डायोडमधून जातो आणि तसाच सेलला मिळतो. म्हणजे बॅटरी सॉकेटमध्ये असताना आतला प्रत्येक टाका, प्रत्येक एलईडीचा पाय थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. तुमच्यात आणि त्या विजेत फक्त प्लास्टिकचं कवच. ते फुटलं, ओलं झालं किंवा काच निघाली, की उघड्या वायरला हात लावल्यासारखंच. मोबाईलच्या चार्जरमध्ये मधे विलग करणारा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून तिथे ही भीती नाही.

तेव्हा पहिला सल्ला नकाराचा आहे: पिनवाली बॅटरी नवीन घेऊ नका. घरात असेल आणि कवच धड असेल तर कोरड्या हाताने लावा, कोरड्या हाताने काढा, चार्जिंगला असताना बटण दाबू नका (सेल मेलेला असला तर वाढलेल्या व्होल्टेजने एलईडी तिथेच जळतात), आणि रात्रभर सॉकेटमध्ये ठेवू नका. मुलं किंवा विसराळू वडीलधारी माणसं घरात असतील तर ती काढूनच टाका.

दुसरा सापळा जास्त चकचकीत आहे. आमच्या सोसायटीने वॉचमनसाठी एक धातूचा टॉर्च घेतला. डोकं पुढे-मागे सरकवलं की झोत लहानमोठा होतो, खोक्यावर “5000 ल्युमेन”, “8 तास”, आणि आतल्या निळ्या सेलवर “9900 एमएएच”. कमिटीतले सगळे खूश. गच्चीवर नेऊन समोरच्या इमारतीवर झोत मारून झाला. पहिल्याच रात्री पंपरूममध्ये पाणी चढवताना तासाभराच्या आत तो विझला. “साहेब, जुना द्या, तोच बरा,” वॉचमन म्हणाला. मी सेल काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. भरला तो चांगल्या सेलच्या निम्म्याहूनही कमी.

हा सेल 18650 या मापाचा असतो: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. लिथियम-आयन जातीचा, 3.7 व्होल्टचा. या मापात नामांकित कंपन्यांच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3,000 ते 3,500 मिलीअँपिअर-तास असते, आणि वजन 45 ते 50 ग्रॅम. तेवढ्याशा नळकांड्यात 9,900 भरण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. हलके सेल सोलून पाहिले तर आत कधी करंगळीएवढा छोटा सेल आणि भोवती भरताड सापडतं. म्हणून काट्यावर ठेवून बघा. 40 ग्रॅमच्या खाली भरला, तर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

ल्युमेन आणि तासांचा हिशेबही घरबसल्या करता येतो. एका चांगल्या 18650 सेलमध्ये 11-12 वॉट-तास वीज मावते. टॉर्चमधली एलईडी आणि तिचं सर्किट मिळून एका वॉटमागे साधारण 100 ल्युमेन देतात, उत्तम असेल तर थोडे जास्त. म्हणजे एक सेल भरभरून द्यायला लागला तर हजार ल्युमेन तासभर, किंवा शंभर ल्युमेन दहा-अकरा तास. 5,000 ल्युमेन आठ तास म्हणजे 40,000 ल्युमेन-तास, त्याला 400 वॉट-तास वीज हवी, आणि त्यासाठी तीसहून जास्त सेल. तो टॉर्च उचलायला वॉचमनबरोबर आणखी एक माणूस ठेवावा लागेल. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही; “चायनाचा ओरिजिनल आहे” या वाक्यावर माणूस काय बोलणार? आकडा बघा, मनात गुणाकार करा आणि पुढच्या दुकानात जा.

सेल सुटा घेणार असाल तर त्यावर भारतीय मानक आयएस 16046 चा उल्लेख आणि “आर” अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. असे रिचार्जेबल सेल आपल्याकडे सक्तीच्या नोंदणीत येतात. तो क्रमांक “बीआयएस केअर” या सरकारी ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव ताडून बघता येतं. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाणारे हुशार लोकही सेलच्या बाबतीत हे बघत नाहीत, फक्त घासाघीस करतात. स्वस्तात मिळालेला बनावट सेल लवकर संपतो एवढंच नाही. आतलं संरक्षक सर्किट नसलेला लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेटू शकतो.

बरं, मग खोक्यावर खरं काय वाचायचं? जबाबदार कंपन्या “एफएल-1” या प्रमाणानुसार आकडे देतात. अमेरिकेत 2009 साली ठरलेलं हे प्रमाण आता जगभर चालतं. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्या क्षणी नाही, निदान अर्धा मिनिट गेल्यावर. टिकण्याचा काळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे “6 तास” याचा अर्थ सहा तास सारखाच उजेड असा नव्हे. आणि झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो, पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर. “200 मीटर” लिहिलंय म्हणून 200 मीटरवरचा माणूस ओळखू येईल असं समजू नका, तिथे कोणीतरी उभं आहे एवढं कळेल. अंतर ठरवतात ते कँडेला, ल्युमेन नव्हेत. 2,500 कँडेलाला 100 मीटर, आणि अंतर दुप्पट हवं तर चौपट, 10,000 कँडेला. ल्युमेन हा सगळा मिळून उजेड, कँडेला हा मधल्या झोताचा जोर.

आता स्वतःला विचारा, तुमच्या आयुष्यात 200 मीटर येतात कुठे? वन-बीएचकेत सगळ्यात लांबची भिंत आठ मीटरवर. जिना, पॅसेज, पार्किंग, सगळं वीस मीटरच्या आत. तिथे टोकदार झोताचा टॉर्च उलट त्रासाचा, मधे पांढरा डोळे दिपवणारा ठिपका आणि भोवती अंधार. घरासाठी पसरट, मऊ उजेडाचा टॉर्च घ्या, आणि त्यात पाच-दहा ल्युमेनचा अगदी मंद टप्पा आहे का ते आधी बघा. रात्री तीनला उठून बाथरूमला जाणाऱ्याला पाच ल्युमेन पुष्कळ होतात; डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती कमाई एका भगभगीत झोताने जाते. जिन्याला शंभर, रस्त्याला दीडशे ते तीनशे. आपल्या आजोबांचा दोन मोठ्या सेलचा टॉर्च, एव्हरेडीचा म्हणा किंवा अलाहाबादच्या जीपचा, जेमतेम दहा-पंधरा ल्युमेनचा होता आणि त्यावर लोक शेताच्या बांधावरून साप चुकवत चालत होते.

वॉचमनची गोष्ट निराळी. त्याला गच्चीवरची टाकी, कंपाउंडचा कोपरा, समोरच्या झाडाची फांदी बघायची असते. त्याच्यासाठी जोरदार झोत हवा, दहा हजार कँडेलाच्या पुढचा. सोसायट्यांनी एक करावं: वॉचमनचा टॉर्च वेगळा आणि पंपरूम-मीटररूममध्ये लटकवलेला वेगळा. आम्ही त्या दुसऱ्यासाठी कपाळाला बांधायचा हेडटॉर्च घेतला, कारण फ्यूज बदलणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात. टॉर्च तोंडात धरून मीटरबॉक्समध्ये हात घालणारे इलेक्ट्रिशियन मी आयुष्यभर पाहिले. त्यातल्या कोणाचंही मला कौतुक वाटलं नाही.

मीटररूमवरून रंगाचं आठवलं. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो, त्यात रंग पुसट दिसतात. आपल्या तीन फेज लाल, पिवळी, निळी. धुळीने माखलेली पिवळी वायर अशा उजेडात मळकट पांढरी वाटते. औषधाच्या पट्टीवरची गुलाबी अक्षरं, जखमेतलं रक्त, शिळ्या पोळीवरची बुरशी, हे सगळंही तसंच फसवं दिसतं. चांगल्या टॉर्चच्या माहितीत “सीआरआय” नावाचा आकडा असतो. 90 किंवा वर असेल तर रंग दिवसासारखे दिसतात. स्वस्तात तो 70 च्या आसपास, किंवा लिहिलेलाच नसतो. आणि उजेडाचा रंग 4,000 ते 5,000 केल्विन असला तर डोळ्याला बरा. 6,500 चा “कडक व्हाइट” दुकानात झगमगतो, घरात टोचतो.

पावसात टॉर्च धरायचीही पद्धत आहे. कपाळाजवळ किंवा डोळ्याच्या रेषेत धरलात तर थेंबांवरून उजेड उलटा तुमच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा दिसतो. कमरेखाली धरा, मध्यम टप्प्यावर, झोत पायांपुढे तीन-चार पावलांवर. खड्डा, उघडं झाकण, वाहत्या पाण्याखालची पायरी, यांची सावली पडते आणि ते दिसतात. बिबट्याच्या भीतीने मोठा टॉर्च घेणारे ठाणेकर मला भेटतात, विशेषतः फेब्रुवारी 2019 मध्ये तो कोरम मॉलच्या आवारात दिसल्यापासून. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. तरी टॉर्च घ्यायचा तो सापासाठी. मण्यार रात्रीच फिरते, घोणस पालापाचोळ्यात ओळखू येत नाही, आणि दोन्ही असतात पायाशी, दोनशे मीटरवर नव्हे.

लोकल थांबली आणि लोक रुळांवर उतरले, हे दृश्य ठाकुर्ली-कल्याण पट्ट्यात दर पावसाळ्यात दिसतं. उतरू नका, हे रेल्वे सांगतेच. मी एवढीच भर घालतो की रुळांजवळ टॉर्च हलवत चालू नका. रेल्वेच्या नियमांत रात्री जोरजोराने आडवा हलवलेला पांढरा दिवा हा “थांबा” असा इशारा आहे. गाडी उगाच थांबवाल. रुळावर खरोखर झाड किंवा दरड पडलेली असेल, तर मात्र हाच इशारा माहीत असलेला बरा.

ट्रेकिंगवाल्यांना माझा सल्ला लागत नाही, त्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा ताजं आहे. पण शेवटच्या कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुली चढणाऱ्या आमच्या इमारतीतल्या पोरांपैकी एकाच्या पाठपिशवीत टॉर्च आपोआप लागला आणि रेनकोटला भोक पडून धूर आला, हे सांगायला हवं. पंधराशे-दोन हजार ल्युमेनच्या टॉर्चचं तोंड कापडाला चिकटलेलं असेल तर ते जळतं. पिशवीत टाकताना मागचं झाकण पाव वळसा सैल करा. बऱ्याच धातूच्या टॉर्चांत तेवढ्याने वीज तुटते. बटणाचं “लॉक” असेल तर तेही लावा. टॉर्चमधला “टर्बो” टप्पा मिनिटभरापुरताच असतो, नंतर उष्णतेमुळे तो स्वतःच खाली येतो. बिघाड समजून दुकानात परत नेऊ नका.

आता, जो टॉर्च घरात आहे तोच सुधारता येईल का? बऱ्याचदा येतो, आणि नव्या खरेदीआधी मी तेच करायला सांगतो. बंद पडलेला टॉर्च उघडा. खाडीच्या दमट हवेत स्प्रिंगवर आणि पत्र्यावर हिरवट-पांढरा थर चढतो. पेन्सिलचा खोडरबर किंवा बारीक पॉलिश पेपर फिरवला की कित्येक मेलेले टॉर्च उठून बसतात. सेल गळून पांढरी भुकटी साचली असेल तर हातमोजे घाला. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते, ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने जाते. साध्या झिंक-कार्बन सेलची आम्लधर्मी, तिला खायच्या सोड्याची पेस्ट. नंतर पुसून पूर्ण वाळवा. साधे सेल गळतात याचं कारण त्यांचं जस्ताचं कवच हेच इंधन असतं, सेल वापरला जातो तसं ते आतून खाल्लं जातं. म्हणून संपलेला सेल टॉर्चमध्ये एक दिवसही ठेवायचा नाही.

आजोबांच्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये पिवळ्या बल्बच्या जागी त्याच घेराचा एलईडी बल्ब बसतो. व्होल्टेज जुळवून घ्या: दोन सेलला तीन व्होल्ट, तीन सेलला साडेचार. सेल तेच, उजेड कित्येक पट, टिकतोही जास्त. रोज वापरणार असाल तर पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घाला, आणि तेही पडून राहिले तरी चार्ज फारसा न गमावणाऱ्या जातीचे, हे 1.2 व्होल्टचे असले तरी बहुतेक एलईडी टॉर्च त्यावर चालतात. पण पेन्सिल सेलच्याच मापाचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो, तो नुसता बसतोय म्हणून घालू नका. तो 3.7 व्होल्टचा आहे. दीड व्होल्टसाठी बनवलेला टॉर्च त्याने लागलीच जळू शकतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात 14500 चालेल असं लिहिलेलं असेल तरच.

नवीन घ्यायचाच असेल तर मी दोन घ्यायला सांगतो. एक पेन्सिल सेलचा साधा टॉर्च, तीन-चारशे रुपयांतला, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. एकच बटण, एकच काम. पाच टप्पे, लुकलुकणारा प्रकार आणि एसओएस असलेला टॉर्च आईच्या हातात दिलात तर ती अंधारात उभी राहून बटण दाबत बसेल. दुसरा, टाइप-सी चार्जिंगचा, 18650 किंवा त्याहून थोडा मोठा 21700 सेल असलेला, जो सेल तुम्हाला स्वतःला बदलता येईल असा. सेल आतच डकवलेला असेल तर सेल मेला की टॉर्च मेला. दीड-दोन हजारांत असा धड टॉर्च मिळतो. पाण्यासाठी आयपीएक्स-4 म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पावसाला सातच्या खाली जाऊ नका.

टाइप-सीबद्दल एक बारीक गोष्ट. काही स्वस्त टॉर्चांच्या सॉकेटमध्ये दोन छोटे रोधक वाचवलेले असतात. मग नव्या फोनच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या चार्जरवर ते चार्जच होत नाहीत. जुन्या, चपट्या यूएसबी टोकाच्या केबलने लगेच होतात. माझ्याकडे आलेले कितीतरी “खराब” टॉर्च एवढ्यावरच घरी परत गेले. चार्जिंगला लावाल ते लादीवर किंवा ओट्यावर, गादीवर नाही, आणि जागे असताना. लिथियम सेल महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून द्या. पावसाळ्यात मात्र भरलेला राहू द्या, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. आणि घरात गॅसचा वास आला तर कोणताही टॉर्च आत असताना लावू नका. बाहेर पॅसेजमध्ये जा, तिथे लावा.

भाचीने शेवटी पेन्सिल सेलचा एक टॉर्च घेतला आणि दाराच्या मागच्या खिळ्याला लटकवला, चपलांच्या वर. ड्रॉवरमधला टॉर्च शोधायला दुसरा टॉर्च लागतो, म्हणून जागा ठरलेली हवी, आणि ती घरातल्या सगळ्यांना अंधारात सापडेल अशी.

तुमच्याकडे पिनवाली बॅटरी पडून असेल तर तिच्याबद्दल शेवटची विनंती. ती घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि भंगारवाल्याला फोडायलाही देऊ नका. आत शिसं आणि आम्ल आहे, आणि ते उघड्यावर वितळवणाऱ्यांच्या मुलांच्या अंगात जातं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि मोटारीच्या बॅटऱ्या विकणारे दुकानदार जुन्या शिशाच्या बॅटऱ्या परत घेतात. ठाणे स्टेशनपासून कल्याणच्या मुरबाड रोडपर्यंत अशी दुकानं भरपूर आहेत. त्यातल्या एकाला विचारा, आणि घेत असेल तर सोसायटीतल्या सगळ्यांच्या एकदमच नेऊन द्या.